पाच वजा

पांढऱ्या पडलेल्या प्रवाळांची मोजणी वर्षातून एकदाच व्हायची, आणि यंदा पहिल्याच बुडीत कार्यालयाची टेप हातातून सुटून खोल गेली. मोजणी करणाऱ्या बाईंनी बोटीवर येऊन पिशवी उचकली. आत आईची शिलाईची टेप होती. आई जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून ती टेप त्यांच्या पिशवीतच असायची.

त्या टेपनं काम भागलं. खुणा केलेल्या चाळीस वसाहतींपैकी तेवीस जिवंत निघाल्या.

"एक नवं पोवळंही आलंय," परतताना ती बोटवाल्याला म्हणाली. "नखाएवढं."

"ते येऊ द्या हो. तुम्ही किती वाळलात, ताई. शर्ट बघा कसा लोंबतोय."

"अलीकडे घेतलेले सगळेच लोंबतात. घरी माप घेऊन मागवते, तरी."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तक्ता पाहिला आणि चष्मा पुसला. "नऊ नंबर गेल्या वर्षी एकतीस सेंटिमीटर. यंदा चौतीस?"

"तीनदा बघितलं, साहेब. जिवंत आहेत ते सगळेच वाढलेत."

"पांढरे पडून वाढले?"

"आकडे तसं म्हणतात."

साहेब नुकतेच बदलून आले होते आणि त्यांना यशाची घाई होती. दुपारपर्यंत मुख्य कार्यालयाला कळलं. संध्याकाळपर्यंत इतर तीन केंद्रांनी, तुमच्या पाण्यात असं आहे तरी काय, म्हणून विचारलं. शुक्रवारी पाहुणे येणार असं ठरलं आणि साहेबांनी फलक रंगवायला टाकला.

गुरुवारी बोटवाला डिझेलची पावती द्यायला आला. फलकाच्या मजकुरावर बोट ठेवून म्हणाला, "नवं पोवळं साडेसहा सेंटिमीटर. एवढं नख कोणाचं असतं, ताई?"

तिनं त्या पोवळ्याचा फोटो मोठा करून पाहिला. प्रवाळाच्या कडेला टेपचं टोक होतं, आणि टोकाला शून्याचा आकडा नव्हता. पाच होता.

टोक झिजलं तेव्हा आईनंच ते कात्रीनं उडवलं होतं. नवी टेप घेतली नाही. प्रत्येक माप घेतलं की गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून पुटपुटायची, "पाच वजा." मुलीनं ते इतकं ऐकलं होतं की ऐकू येणं बंद झालं होतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे एकतीसचे एकोणतीस झाले."

"हो. आक्रसलेत."

"पाच वजा करायचे याला आधार काय? लेखी आहे?"

"नाही. आई सांगायची."

"मग त्यांची सही घेऊन या."

"आणता येणार नाही, साहेब."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेपकडे. "टेपचा फोटो जोडा," ते हळू म्हणाले. "टेप तुमच्याकडेच ठेवा. आणि फलकाचं काय करू? चांगलं काही उरलंय?"

"तेवीस जिवंत आहेत. आणि ते नवं दीड सेंटिमीटर आहे. पांढरं पडल्यानंतर आलेलं."

"दीड," साहेब म्हणाले आणि रंगाऱ्याला फोन लावला.

घरी येऊन ती आरशासमोर उभी राहिली. टेप छातीभोवती धरली. सत्त्याण्णव. चार महिने याच आकड्यानं शर्ट येत होते, आणि चार महिने लोक तिला वाळलीस म्हणत होते.

"पाच वजा," ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

ब्याण्णव. आईच्या वहीत होतं तेवढंच. ती जराही वाळली नव्हती. तिनं लोंबणाऱ्या बाह्या दोनदा दुमडल्या आणि एकटीपुरता चहा टाकला.