चौसष्टच्या गाडीला चिन्नोरची पेज

रविवारी सकाळी बरोबर सहा वाजून पस्तीस मिनिटांनी मी गाडीच्या रेडिएटरमध्ये पहिला चमचा हळद टाकली. वेळ पक्की लक्षात आहे, कारण त्याच वेळी गुड्डीचं दूध होतं आणि मी घड्याळ पाहून दूध पाजणारी बाई आहे. (गुड्डी आठ महिन्यांची. तिला दोन शिंका लागोपाठ आल्या तर मी कॅलेंडरवर लिहून ठेवते.)

गाडी म्हणजे आमची अँबेसिडर, सन एकोणीसशे चौसष्टची. माझ्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठी. गुड्डीच्या बाबांनी ती बालाघाटहून दोर बांधून ओढत आणली होती. राइस मिलमध्ये कारकुनी करणाऱ्या माणसाला हा शौक कुठून लागला, हे गोरेगावात कोणालाच कळलं नाही. शौक त्यांचा, टॉर्च धरायला मी. टॉर्च धरता धरता मीच शिकले. शाळा सातवीत सुटली, पण कार्बुरेटरचा जेट फुंकून साफ कसा करायचा, पॉइंट घासायचे कसे, उन्हात इंजिनचा पेट्रोल पंप तापला की त्यावर गुड्डीचं ओलं दुपटं कसं टाकायचं, हे मला विचारा. गुड्डीचे बाबा नटबोल्ट खोलतात. कोणता नट कुठला, ते मी सांगते.

आणि मी हे सगळं हौसेनं करत नव्हते. गुड्डी झोपायची फक्त या गाडीच्या मागच्या सीटवर, इंजिन सुरू असलं तरच. झोळीत रडायची, मांडीवर रडायची. इंजिन घरघरलं की दोन मिनिटांत डोळे मिटायची. (काचा सगळ्या उघड्या, मी शेजारी, आणि माझं बोट तिच्या नाकाशी.) गाडी गेली तर माझी झोप गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आणि गाडी जाणारच होती. माझे सासरे तेजराम, मी त्यांना मामाजी म्हणते, त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "रविवारी हेमेंद्र याच गाडीत बसून तिरोड्याले जाईल. रस्त्यात बंद पडली, त सोमवारी भंगारात." हेमेंद्रभाऊजी म्हणजे गुड्डीच्या बाबांचे चुलतभाऊ, आणि त्या दिवशीचे नवरदेव.

तर त्या सकाळी रेडिएटरच्या खाली थेंब पडताना दिसला. मग दुसरा. गुड्डीचे बाबा वरातीच्या गडबडीत गावभर फिरत होते. मी शेजारच्या श्यामलालकाकांना विचारलं. त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला आहे.

"काकाजी, रेडिएटर गळून राहिला."

"हळद टाक. पाण्यासंगं फिरते अन् भोकात जाऊन बसते."

"किती टाकू?"

"तू भाजीत टाकते तेवढी. कायले घाबरतेस?"

मी एक चमचा टाकला. थेंब कमी झाला, पण थांबला नाही. इथे एखादी शहाणी बाई थांबली असती. मी विचार केला: हळद बसते खरी, पण तिला चिकटवणार कोण? आमच्या घरी पाकीट फाटलं की भात लावतात, पतंग भातानं, देवाचा फोटो भिंतीला तोही भातानं. हेमेंद्रभाऊजींच्या लग्नपत्रिकांची पाकिटं मी स्वतः शिजलेल्या भातानं बंद केली होती, एकही उघडलं नव्हतं. मग मी चुलीवर घट्ट पेज चढवली. तांदूळ साधा नाही, घरचा वासाचा चिन्नोर. (जुन्या गाडीचा मान असतो.) गंजभर, म्हणजे पातेलं भरून पेज, वर आणखी मूठभर हळद, सगळं गाळून रेडिएटरमध्ये ओतलं. गाळून ओतलं, एवढी अक्कल मला होती.

सव्वासातला थेंब बंद. खालची माती कोरडी.

गुड्डीचे बाबा आले. वाकून पाहिलं. "काय केलं तू?"

"घरचा उपाय."

"मेकॅनिकपेक्षा भारी निघाली तू," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी मामाजींना ऐकू जाईल असं म्हटलं, आणि मी पदर नीट केला.

अकराला निघालो. गुड्डीचे बाबा स्टिअरिंगवर, शेजारी मामाजी, मागे फेटा बांधलेले नवरदेव आणि करवली म्हणून मी, मांडीवर गुड्डी. मे महिना, उन्हानं डांबर मऊ झालेलं. गाडी मात्र अशी धावली की मामाजींनी दोनदा मान हलवली. गुड्डी झोपली. मला वाटलं, जिंकलो.

तिरोडा चार किलोमीटर राहिलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, भाताचा वास येऊन राहिला."

"मंडप जवळ आला," मामाजी म्हणाले. "पंगतीचा भात शिजून राहिला असंन."

वास चिन्नोरचा होता. लग्नाच्या पंगतीला चिन्नोर कोण वाढतो?

एक किलोमीटर पुढे बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं. मामाजी घड्याळ पाहत म्हणाले, "नंदलालचा नंबर आहे का कोणापाशी?" नंदलाल म्हणजे गोंदियाचा भंगारवाला.

"मामाजी, पाच मिनिटं द्या," मी म्हणाले. "मला माहीत आहे काय झालं ते." आणि खरंच माहीत होतं, तेवढंच वाईट होतं.

गुड्डीला तिच्या बाबांच्या हातात देऊन मी बॉनेट उघडलं. गरम रेडिएटरचं झाकण खोलू नये, हे मला पक्कं ठाऊक. ओले टॉवेल टाकले, अर्धा तास थांबले. मग गुड्डीच्या अंघोळीचं पाणी तपासते तसं झाकणाला कोपर लावून पाहिलं. अंघोळीजोगं होतं. झाकण फिरवलं. काहीच आलं नाही. वर पिवळी साय धरली होती, खिरीवर धरते तशी.

"आटलं का पाणी?" म्हणत भाऊजी वाकले.

मी सायीला स्क्रूड्रायव्हर लावला.

जे उसळलं ते कोमट होतं, हे मी आजही शपथेवर सांगते. कोपराच्या बाबतीत माझी चूक होत नाही. पण ते पिवळं होतं, चिकट होतं, आणि फेट्यापासून बुटापर्यंत सगळं भाऊजींवर गेलं. क्रीम रंगाचा सूट होता. होता.

मग मामाजी म्हणाले, "सूनबाई, काय टाकलं तू याच्यात?"

"हळद."

"अन्?"

"पेज."

"मीठ काऊन सोडलं?"

नवरदेव एका पाहुण्याच्या मोटरसायकलवर मंडपात पोचले. नवरीच्या आत्यानं विचारलं, "नवरदेवाची हळद अजून उतरली नाही?" भाऊजी स्वभावानं गरीब, वहिनीची इज्जत राखायची म्हणून बोलून गेले, "आमच्यात दोनदा लागते." झालं. नवरीकडच्या बायांना वाटलं, आपल्याकडून एक हळद चुकली. शालू नेसून तयार बसलेल्या नवरीला त्यांनी आत नेऊन पुन्हा हळद लावली. मुहूर्त पाऊण तास पुढे गेला. भटजी जेवायला बसले तेव्हाही माझ्याकडे पाहत होते.

गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. सोमवारी नंदलाल आला. पेज तोवर सुकली होती. त्यानं रेडिएटरमध्ये बोट घातलं, बोटाचा वास घेतला आणि मामाजींकडे पाहिलं.

"बाबूजी, मैं लोहा लेता हूँ, राशन नहीं. पहले इसको खाली कराओ. पोले के बाद आता हूँ."

मामाजींना माझ्या तोंडाकडे पाहून दया आली असावी. म्हणाले, "पोळ्यापर्यंत सुरू झाली त ठेवा. नाही झाली त देऊन टाका."

म्हणून तुम्हाला विचारते. चौसष्टच्या आगेमागेच्या अँबेसिडरचा चांगला रेडिएटर कोणाच्या कोठारात, कोणाच्या वाडीत पडला असेल, तर आम्हाला निरोप द्या. आमच्या रेडिएटरमधल्या पेजेला मी छत्रीची काडी, गरम पाणी, व्हिनेगर सगळं करून पाहिलं. चिन्नोर हलत नाही.

घाई यासाठी की गुड्डी अजून त्याच सीटवर झोपते, आणि इंजिन बंद आहे. मागचा बंपर धरून गाडी खालीवर मीच हलवते, दुपारी एक तास. परवा हात भरून आले, म्हणून आत डोकावले. गुड्डी झोपली होती. पुढच्या सीटवर गुड्डीचे बाबा झोपले होते. शेजारी मामाजी घोरत होते.

तर रेडिएटरचं चार जणांच्या कानावर घाला. एकट्या गुड्डीला मी पोळ्यापर्यंत हलवलं असतं.