तरसोपंतांचा मऊ हाडांचा दवाखाना

एका जंगलात, मुलांनो, हाडांचा दवाखाना निघाला. कोणत्या जंगलात ते विचारू नका. तिथले प्राणी अजून हयात आहेत आणि त्यांना लगेच वाईट वाटतं.

दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी, एका थंडगार अंधाऱ्या गुहेत होता. डॉक्टर होते तरसोपंत. म्हणजे तरसच. हसू नका. "या जंगलात हाडांचा माझ्याइतका अभ्यास कोणी केलाय का?" असं ते विचारायचे, आणि खरंच कोणी केलेला नव्हता. आपण आता भाजीपाल्यावर आहोत, हाडं फक्त तपासतो, असंही ते सांगायचे.

शिवाय दवाखान्यात फसफशी फुकट मिळायची. फसफशी म्हणजे गोड, रंगीत, नाकात गुदगुल्या करणारं पाणी. फुकटची फसफशी पिताना डॉक्टरांचे दात कोण बघतो?

त्या जंगलात हौसाक्का नावाची एक वानरीण राहायची. तरुणपणी तिच्या उडीचा मोठा बोलबाला होता. ती एका आंब्यावरून सुटली की खालची जनावरं माना वर करायची, आणि ती दुसऱ्या आंब्यावर पोचेपर्यंत कोणी श्वास घ्यायचं नाही. आता तिचं पोरं होण्याचं वय सरलं होतं. थोरली लेकरं आपापल्या झाडांवर नांदत होती. शेंडेफळ झिपरी तेवढी जवळ होती आणि दिवसभर खोड्या काढायची.

एके सकाळी हौसाक्काची पाठ दुखली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण हौसाक्काला आई आठवली. याच वयात तिच्या आईची पाठ वाकायला लागली होती. आधी जराशी, मग धनुष्यासारखी. पुढे आई एका ओल्या खडकावरून घसरली. खडक काही उंच नव्हता, ससाही हसत उतरला असता. पण आईच्या कमरेचं हाड मोडलं. ती पुन्हा झाडावर चढली नाही, आणि फार दिवस जगलीही नाही.

हौसाक्काने झिपरीला काखोटीला मारलं आणि थेट दवाखाना गाठला.

तरसोपंतांनी तिचा हात हळूच तोंडात धरला आणि दाढेखाली दाबला. याला दात-चाचणी म्हणत. कर्र असा आवाज झाला. डॉक्टरांनी कळवळून स्वतःचा गाल धरला.

"अरेरे! फारच घट्ट!"

"घट्ट म्हणजे चांगलंच ना, डॉक्टर?"

"हीच ती जुनी समजूत! हौसाक्का, घट्ट असतं तेच मोडतं. काठी मोडते. दोरी कधी मोडलेली पाहिलीत?"

हौसाक्काने आठवून पाहिलं. दोरी तुटलेली पाहिली होती, मोडलेली मात्र नव्हती.

"नाही हो," ती म्हणाली.

"मग हाड दोरीसारखं हवं. उद्यापासून उडी बंद. चढणं बंद. ऊन तर अजिबात नको. पापड उन्हात टाकला की काय होतं?"

"कडक होतो."

"बघा! तुम्हाला सगळं कळतं. शेवग्याचा पालाबिला खाऊ नका, जबड्याला त्रास. सावलीत बसा, फसफशी प्या. आणि या छोकरीला तर आजपासूनच सुरू करा. या वयात हाड भरत असतं. एकदा का ते घट्ट भरलं, की म्हातारपणी आमचे फार हाल... म्हणजे, तुमचे."

गुहेच्या तोंडाशी पाटी होती : 'मऊ हाडं, सुखी झाडं.' तिचा अर्थ कोणालाच कळला नव्हता, म्हणून सगळे तिला फार मान द्यायचे.

बघता बघता जंगलभर मऊपणाची साथ पसरली. हरणांनी पळणं सोडलं. मोर नाचायचा विचार मनात आला की खाली बसून तो जाऊ द्यायचे. शाळेतला खेळाचा तास बंद झाला आणि त्या जागी लोळण्याचा तास आला. सशिणी पाणवठ्यावर एकमेकींना सांगायच्या, "काल माझं हाड दाबलं तर ठसा उमटला, बाई!"

"आमच्या ह्यांचं तर वाकतं!"

सोयरिकी जमवतानाही तेच. "मुलगा काय करतो?"

"बसून असतो."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

"मग काढा मुहूर्त!"

या साथीतून एकच जीव सुटला होता. हौसाक्काच्या वडिलांची बहीण, बयोआत्या. ती डोंगराच्या माथ्यावर एकटी राहायची, कारण खाली तिचं कोणाशी पटत नव्हतं. रोज सकाळी ती भांडायला खाली उतरायची आणि भांडून झालं की वर चढायची. वाटेत शेवग्याचा पाला ओरबाडायची, उंबरं खायची, आणि माथ्यावरच्या खडकावर उन्हात बसून उद्याच्या शिव्या जुळवायची. तिची पाठ थोडी वाकली होती, एक बोट वाकडं बसलं होतं. पण म्हातारी पडायची नाही.

"हौसे," ती म्हणाली, "अगं, ते तरस आहे."

"आत्या, ते डॉक्टर आहेत."

"दोन्ही असू शकतं."

हौसाक्काने लक्ष दिलं नाही. आत्या काय, वाऱ्याशीही भांडते. ती सावलीत बसली, झिपरीलाही बसवलं. पोर बिचारी शेपटीशी खेळत बसायची. हळूहळू तेही सोडलं.

असा एक हंगाम गेला. मग एक दिवस झिपरीच्या नाकावर फुलपाखरू बसलं. ते उडालं तशी झिपरीही उडाली. उडी कसली, वीतभर उंचीच्या मुळावरून खाली आली एवढंच. हात टेकला आणि कट् असा आवाज झाला.

"आई गं!"

हौसाक्काला क्षणभर तो ओला खडकच दिसला. तिने पोरीला उराशी धरलं आणि दवाखान्याकडे निघाली. चार झाडांइतकं अंतर, पण ती वाटेत तीनदा बसली.

तरसोपंतांचे डोळे चमकले. "अभिनंदन! गुण येतोय!"

"अहो, हात मोडलाय तिचा!"

"मऊ होताना मधे थोडं मोडतं. बघू." त्यांनी झिपरीचा हात तोंडात धरला. डोळे मिटले. कर्र झालं नाही, काहीच झालं नाही. त्यांची जीभ हातावरून फिरली आणि हनुवटीवरून लाळ ओघळली.

"डॉक्टर, झालं का?"

"हंऽऽ."

"डॉक्टर, सोडा आता."

"एवढं कोवळं..." तरसोपंत भरल्या तोंडाने पुटपुटले.

हौसाक्काने त्यांच्या नाकावर अशी चपराक हाणली की जबडा आपोआप उघडला. आणि तेव्हा, पहिल्यांदाच, तिने आत नीट पाहिलं. दात पिवळे होते. झिजलेले, हलणारे. हौसाक्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घट्ट हाडं कोणाला नको होती, ते तिला आता कळलं.

ती वडाखाली गेली आणि ओरडून सगळं जंगल गोळा केलं. "तो आपल्याला मऊ करून खाणार आहे! माझ्या पोरीचा हात चाटला त्याने!"

मग सशेराव नावाचा एक वजनदार ससा म्हणाला, "बाई, ते शिकलेले आहेत. चाटण्यामागे काहीतरी शास्त्र असेल."

"आणि तुमच्या मुलीनं उडी मारली," एक हरीण म्हणालं. "चूक उडीची आहे. आमच्या पाडसाला बघा, गेल्या हंगामापासून हललेलं नाही."

सगळ्यांनी कौतुकाने पाडसाकडे पाहिलं. पाडसाने मान डोलवायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

हौसाक्का झिपरीला पाठीवर घेऊन डोंगर चढू लागली. पायांत गोळे आले. छाती भात्यासारखी चालली. माथ्यावर पोचली तेव्हा तिला वाटलं, आता आत्या चांगली धुणार आपल्याला. पण बयोआत्याने पोरीचा हात पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. तिने बांबूच्या कामट्या लावल्या, वेलींनी घट्ट बांधल्या आणि शेवग्याचा पाला पुढे ठेवला.

हाड म्हणजे काही गवत नव्हे, एका सरीत वर यायला. झिपरीचा हात सावकाश जुळला. मग ती आधी सपाटीवर उड्या मारू लागली, मग दगडावरून, मग फांदीवरून. प्रत्येक वेळी हौसाक्का डोळे मिटून घ्यायची, आणि प्रत्येक वेळी झिपरी ओरडायची, "आई, बघितलंच नाहीस तू!" शेवटी बघावंच लागलं. पोर हवेत होती, ऊन तिच्या केसांतून आरपार जात होतं, आणि ती पलीकडच्या फांदीवर टेकली तेव्हा फक्त फांदी वाजली. हौसाक्का रडली, हसली, आणि पाठोपाठ तिनेही उडी टाकली.

"आत्या, पाठ अजून दुखते गं," ती रात्री निजताना म्हणायची.

"दुखणारच. वय झालं तुझं. दुखू दे आणि चढ."

इकडे खाली तरसोपंतांनी मऊ महोत्सव जाहीर केला. सगळं जंगल रांगेने गुहेत शिरू लागलं. हौसाक्काने माथ्यावरून ती रांग पाहिली. झिपरीला आत्याजवळ सोपवून ती डोंगरावरून जी सुटली, ती गुहेच्या तोंडाशीच थांबली.

आत तरसोपंत गोड आवाजात सांगत होते, "आता सामुदायिक दात-चाचणी. सर्वांनी डोळे मिटा. माना जरा पुढे करा. अशा. वा!"

"पळा!" हौसाक्का किंचाळली.

पळतंय कोण? एक हरीण उठलं आणि पुन्हा बसलं. तरसोपंतांनी ओळखलं की आता उशीर नको. त्यांनी सशेरावांवर झेप घेतली.

पण मुलांनो, तरसोपंतही त्याच गुहेत राहत होते. तीच सावली, तीच फसफशी, तेच बसणं. त्यांची झेप वीतभर गेली. पुढचे दोन्ही पाय जमिनीला लागले आणि कट्, कट्.

"मेलो! मेलो!"

जनावरांनी डोळे उघडले. डॉक्टर जमिनीवर गडबडा लोळत होते.

"अरेरे!" सशेरावांना हुंदका आला. "डॉक्टरांनी स्वतःवर प्रयोग केला! आपल्यासाठी!"

गुहेत रडारड झाली. साहेबांना उचलायला हवं, पण उचलणार कोण? एकालाही स्वतःची मान धड उचलवत नव्हती. सगळे हौसाक्काकडे बघू लागले.

हौसाक्काने तरसोपंतांकडे रागाने पाहिलं. याला इथेच टाकून जावं, असं तिच्या मनात आलं. मग तिची नजर त्या पाडसावर गेली. ते उठायला धडपडत होतं आणि त्याचे पाय चिखलातल्या काड्यांसारखे वाकत होते. माझ्यासाठी ही मंडळी एक पाऊल चढणार नाहीत, तिला वाटलं. या डॉक्टरसाठी चढतील.

"उचलते," ती म्हणाली. "पण दवाखाना आता डोंगरमाथ्यावर जाईल. डॉक्टरांना हवाबदल हवा."

बयोआत्याला हाक मारून दोघींनी बांबूच्या डोलीतून तरसोपंतांना वर नेलं.

"दरीत टाकू या गं," आत्या वाटेत कुजबुजली.

"मलाही तेच वाटलं होतं," हौसाक्का म्हणाली, "पण मग खाली कोणीतरी दुसरा दवाखाना काढेल."

तरसोपंतांना कामट्या बांधून भर उन्हात खडकावर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून जनावरं भेटीला येऊ लागली. आधी रांगत, थांबत, कण्हत. फसफशीचे घडे एवढ्या उंचावर चढवणं कोणाला जमेना, तेव्हा ती सुटली. वाटेत भूक लागायची, मग शेवगा दिसायचा, उंबर दिसायचं. साहेबांची विचारपूस करत सगळे उन्हात बसायचे. एकदा भेटून कोणाचं समाधान होत नसे, म्हणून पोराबाळांसह रोज येत. थंडी पडेपर्यंत ते पाडस सगळ्यांच्या आधी वर पोचायला लागलं आणि माथ्यावर गोल गोल धावून इतरांना वेडावू लागलं. म्हाताऱ्या सशिणीसुद्धा एकमेकींना धरून, पाय जपून टाकत वर यायच्या. पडत नव्हत्या.

एके दिवशी सशेरावांनी हट्ट धरला, "साहेब, एकदा दात-चाचणी होऊन जाऊ द्या!"

शेजारी हौसाक्का उभी होती. तरसोपंतांनी मोठ्या आशेने सशेरावांचा पाय तोंडात घेतला आणि दाबला. शेवटचा दात निखळून गवतात पडला.

"काय निकाल, साहेब?"

"घत्त," तरसोपंत बोळक्या तोंडाने म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "फाल घत्त."

"हाय हाय! रोग परतला!" सशेराव मटकन खाली बसले.

"डॉक्टर," हौसाक्का गोड आवाजात म्हणाली, "नवीन संशोधन काय म्हणतं, सांगा ना यांना."

तरसोपंतांनी दरीकडे पाहिलं. मग दरीच्या कडेला टपून उभ्या असलेल्या बयोआत्याकडे पाहिलं.

"घत्त... चांगलं," ते म्हणाले. "नवं संशोधन."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच बैठकीत तरसोपंतांना 'अस्थिमहर्षी' ही पदवी देण्यात आली, आणि मोरांनी तिथल्या तिथे नाचून दाखवलं.

बयोआत्या संतापाने लाल झाली. "सगळं श्रेय त्या चाटऱ्याला? आणि तू हसतेस?"

"ओरडू नकोस, आत्या," हौसाक्का तिच्या कानाशी लागली. "त्यांना खरं कळलं, तर उद्यापासून घरी बसतील."

तात्पर्य : डॉक्टर कसाही चालेल. फक्त त्याचा दवाखाना डोंगरावर असावा, आणि तिथे लिफ्ट नसावी.