जनरलसाहेबांचं सातवं मूल

याकूबभाई मुकादमांना त्यांच्या थोरल्या मुलाचं वय विचारलं की ते बोटांवर मोजायला लागतात. पण एका इंग्रज जनरलच्या धाकट्या मेव्हणीचं लग्न कुठल्या वारी झालं, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतात. वर म्हणतात, "रेकॉर्डला घ्या."

हा जनरल त्यांच्या दापोलीच्या घराण्यात चार पिढ्यांपासून आहे. याकूबभाईंचे पणजोबा त्याच्याकडे कामाला होते. जनरल विलायतेला परत गेला आणि तिथेच वारला. पण मुकादमांच्या घरातून तो कधी गेलाच नाही. त्याचं नाव मात्र मी याकूबभाईंच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. नाव घ्यायची त्यांच्या घरात पद्धत नाही. नुसतं "जनरलसाहेब."

आम्ही दोघं सौदीतल्या यान्बूच्या एकाच कारखान्यात. मी प्रेशर गेज तपासणाऱ्या खात्यात, म्हणजे काटा खरं बोलतो की खोटं ते बघायचं. म्हणून याकूबभाई मला 'मोजणीदार' म्हणतात. ते स्वतः नकाशांच्या दफ्तराचे प्रमुख. कारखान्यातली एखादी नळी वीतभर सरकवली तरी नवा नकाशा निघतो, त्यावर पुढचा रिव्हिजन नंबर पडतो आणि जुन्यावर 'रद्द' असा लाल शिक्का बसतो. हे काम ते बावीस वर्षं करत होते.

साहजिकच जनरलसाहेबांची वंशावळसुद्धा त्यांनी नळ्यांच्या नकाशासारखीच काढली होती. खोलीची एक अख्खी भिंत त्या कागदाने व्यापली होती. लग्न म्हणजे दोन नळ्यांचा जोड. एक काका बिनलग्नाचा गेला, तिथे नळीच्या तोंडाला झाकण. एका चुलत्याने जुगारात घर घालवलं, तिथे गळतीची खूण. एक पुतण्या ऑस्ट्रेलियाला गेला, तिथे बाण आणि शेरा: 'पुढचं काम दुसऱ्या कंत्राटदाराकडे.'

मी वर्षांचा हिशोब मांडून त्यांना एकदा दाखवलं, की हा गृहस्थ दापोलीत होता तेव्हा फार तर चोवीस वर्षांचा होता. म्हणजे साधा लेफ्टनंट. जनरल तो पुढे वीस-पंचवीस वर्षांनी झाला.

"आमच्या पणज्यांनी पहिल्या दिवसापासून जनरल म्हटलं," याकूबभाई शांतपणे म्हणाले. "लंडनच्या सरकारला समजायला वीस वर्षं लागली, त्याला आमचा काय दोष?"

आमचा खरा वाद मात्र मुलांच्या संख्येवरून. जनरलच्या वंशजांनी इंटरनेटवर घराण्याचा इतिहास टाकला आहे. त्यात मुलं सहा. मी स्वतः दोनदा मोजली. याकूबभाईंच्या नकाशावर सात.

"सातवी नव्हे, खरं तर पहिली," ते म्हणाले. "दापोलीतच झाली. दीड महिन्याची होऊन गेली. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी आमच्या पणज्यांना सांगितलं, हिच्याकडे बघ. तेव्हापासून दरसाल पावसाळ्याआधी आम्ही कबरीला चुना लावतो. आता माझा भाऊ लावतो."

"कागद आहे का काही?"

"चुना आहे."

वंशजांना त्यांनी तीन पत्रं लिहिली: मुलांची संख्या सात करावी. उत्तर एकच आलं. आपल्या आस्थेबद्दल आभार, जनरलचा हत्तीवर बसलेला असताना काढलेला एखादा फोटो असल्यास पाठवावा. याकूबभाई आठवडाभर हत्तीवर चिडलेले होते.

या माणसाची दुसरी विचित्र गोष्ट म्हणजे यान्बू सोडायचं नाव नाही. राबिघला दीडपट पगाराची नोकरी चालून आली होती, नाकारली. म्हणे तिथल्या खाऱ्या हवेत कागद खराब होतात. राबिघ आणि यान्बू एकाच समुद्रावर आहेत, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. बायको आणि दोन मुलगे दापोलीला, घर बांधून तयार, गुडघे दुखतात. तरी साठी जवळ आलेला हा माणूस दरवर्षी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवून घेत होता.

मग सौदीकरणाची पाळी आमच्या खात्यांवर आली. दफ्तराची जागा सौदी माणसाला द्यायची ठरली. याकूबभाईंना तीन महिन्यांची मुदत मिळाली: नव्या माणसाला काम शिकवायचं, ताबा दिल्याच्या कागदावर सही करायची आणि कायमचं जायचं.

नवा माणूस फहद. तिशी उलटलेला, सहा फूट उंच, दोन मुलांचा बाप. सकाळी उशिरा यायचा, आल्यावर कॉफीचा थर्मास उघडायचा आणि फोनवर बोलत कपाटांपुढे फिरायचा. कपाटं एकूण चौदा. माझ्या अंदाजाने दोन आठवड्यांचं काम. याकूबभाईंनी नववा आठवडा सुरू केला तरी ताबा दिला नाही. कंपनीच्या बसमध्ये लोक बोलायला लागले, म्हातारा दिवस काढतोय. मॅनेजरने दोनदा बोलावून झापलं. मुदत वाढवून मागितली, ती नाकारली.

मीही स्पष्ट बोललो. "याकूबभाई, सही आज केली काय आणि महिन्याने केली काय, जायचं तर आहेच. अपमान कशाला ओढवून घेता?"

"माणूस तयार व्हायचाय."

"नकाशे काढून द्यायला कितीसं तयार व्हायला लागतं?"

"काढून कोणीही देईल हो मोजणीदार. मी गेल्यावर, कोणी बघत नसताना जो बघेल, तसा माणूस हवाय."

फहदला ते सरावासाठी जनरलसाहेबांची वंशावळ द्यायचे. यातली चूक शोध, या दोघांचं नातं काय ते सांग. आधी फहद हसायचा. हा कोण, तुझा कफील, म्हणजे इथला जामीनदार मालक, होता का, असं विचारायचा. मग हळूहळू त्याला गोडी लागली. जुगारी चुलत्याचं पुढे काय झालं, याची तो चौकशी करायला लागला.

अकराव्या आठवड्यात एका दुपारी मी दफ्तरात होतो. फहद भिंतीवरच्या नकाशाची ऑफिसातली नक्कल बघत होता. त्याने त्या दीड महिन्याच्या मुलीवर बोट ठेवलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुझ्या भावाला मुलगे आहेत का? त्याच्यानंतर हिचं कोण करणार?"

याकूबभाईंनी खिशातून पेन काढलं आणि तिथल्या तिथे ताब्याच्या कागदावर सही केली. मी चाट पडलो. एवढे आठवडे रखडलेली सही एका प्रश्नाने झाली, याचं गणित काही मला लागलं नाही.

याकूबभाई गेले. वंशावळीची गुंडाळी त्यांनी विमानात मांडीवर धरून नेली असणार, कारण सामानात ती टाकणार नाही असं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं.

दुसऱ्याच शुक्रवारी दुपारी जेवणानंतर माझ्या दाराची बेल वाजली. दारात फहद. हातात एक घडी घातलेला कागद.

"तू मोजमापाचा माणूस आहेस," तो म्हणाला. "मला सांग, अबू मरियमचं एक पाऊल किती लांब?"

"कोण अबू मरियम?"

"याकूब."

अबू म्हणजे बाप; अरब लोक माणसाला त्याच्या पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, हे मला ठाऊक होतं. "त्याला मुलगे आहेत," मी म्हणालो. "दोन. मरियम कोणी नाही."

फहदने कागद माझ्यापुढे ठेवला. यान्बूच्या कबरस्तानाचा नकाशा होता, याकूबभाईंच्या हातचा. इथल्या कबरींवर नाव नसतं, दगडही खुणेपुरता, सगळे सारखे. नकाशात लिहिलं होतं: दारातून भिंतीलगत सरळ चाळीस पावलं, मग उजवीकडे पंधरा. फहद सांगत गेला ते असं. याकूब इथे नवीन आला तेव्हा बायको सोबत होती. पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. कबरस्तानात बायकांना जायची पद्धत नाही, तेव्हा आईने ती जागा कधीच पाहिली नाही. ती गावी परत गेली. हा दर शुक्रवारी जात राहिला.

मी नकाशाच्या कोपऱ्यातला तक्ता पाहिला. मूळ प्रत: छत्तीस पावलं. मग सदतीस. मग अडतीस. आता चाळीस.

"कबर सरकते का?" फहदने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "पाऊल लहान झालं."

"मी काल त्याच्या आकड्याने चाळीस चाललो. तिथे कबरच नव्हती, रिकामी वाळू. टेप घेऊन आत जाणं बरं दिसत नाही. मला माझ्या पावलांत सांग."

मी त्याला व्हरांड्यात दहा पावलं चालवलं. सात मीटर साठ. मग दापोलीला फोन लावला.

"अहो मोजणीदार!" याकूबभाई ओरडले. "भावाने चुना लावलाय, पण किती पातळ! जनरलसाहेबांना—"

"याकूबभाई, अंगणात दहा पावलं चाला. वहिनींना मोजायला सांगा. फहद इथे आलाय."

 मग त्यांनी बायकोला हाक मारली. शिलाईची टेप होती, दीड मीटरची. ती चार-पाच वेळा पुढे सरकवावी लागली. "कशाला मोजायचं?" बाईंचा आवाज आला. याकूबभाई काहीतरी खालच्या आवाजात बोलले. मग त्यांनी मला आकडा सांगितला. सहा मीटर सत्तर.

मी आकडेमोड सुरू केली, तेवढ्यात फोन बाईंनी घेतला. त्या माझ्याशी पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या.

"भाऊ, तो आकडा धरू नका. तुम्ही फोनवर ऐकताय म्हणून ते छाती काढून चालले. तिथे ते असे चालत नसणार." मग फोन बाजूला गेला आणि त्या त्यांना म्हणाल्या, "जा. शुक्रवारचे जाता तसे जा."

मी थांबलो. फहदही थांबला. पलीकडे त्या जमिनीवर टेप लावत मोठ्याने मोजत होत्या.

"सहा मीटर दहा," त्या म्हणाल्या.

मी हा आकडा धरला. फहदची सरळ बत्तीस पावलं झाली, उजवीकडे बारा. त्याने ते नकाशाच्या तक्त्यात आपल्या हाताने लिहिलं, शेजारी सही केली आणि चपला घातल्या.