शेटेबाईंच्या एकशे सदतीस मुली

शेटेबाईंना अर्धं वाक्य चालत नसे. केजच्या स्टँडबाहेर जीपवाला दाराला लोंबकळत "तेलगाव, तेलगाव, तेलगाव!" असं ओरडू लागला की बाकीचं गाव मुकाट्यानं आत बसून घेई. बाई मात्र छत्री टेकवून त्याच्यासमोर उभ्या राहत आणि विचारत, "तेलगावचं काय झालं?"

"चाल्ली की बाई, गाडी."

"कोणती गाडी? कुठे चालली? पूर्ण वाक्यात सांग."

आणि तो मिशीवाला गडी, आत चौदा माणसं कोंबलेली असताना, खाली उतरून सांगे, "ही जीप तेलगावला चालली आहे, बाई." मग बाई "हां" म्हणत आणि भाजी घ्यायला निघून जात. त्यांना तेलगावला जायचंच नसे.

बाई मुलींच्या शाळेत मराठी आणि गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. आमच्या गल्लीत, आमच्यापासून चौथ्या दारात, दोन खोल्यांत एकट्या राहत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, इस्त्रीची सुती साडी आणि मनगटावर भलंमोठं पुरुषी घड्याळ. ते कायम पाच मिनिटं पुढे असे. कोणी लक्षात आणून दिलं तर म्हणत, "घड्याळ बरोबर आहे. गाव मागे आहे."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लोगल्ली एसटीडी बूथ निघाले होते आणि मी स्टँडच्या रस्त्यावर एका औषधाच्या दुकानावरच्या माडीत कॉम्प्युटर क्लास काढला होता. चार मशिनं, त्यातली तीन चालू. दाराबाहेर चपला काढायच्या, असा कडक नियम. एके दिवशी चपला काढून आत आल्या त्या शेटेबाई.

"मला शिकायचं आहे."

"बाई, या वयात कशाला?"

"मी तुझं वय विचारलं का?"

सोळा वर्षांच्या पोरींच्या बॅचमध्ये बाई पहिल्या बाकावर बसल्या. महिनाभरात त्यांचं टायपिंग माझ्यापेक्षा बरं झालं. पुढे त्यांनी घरीच कॉम्प्युटर घेतला. केजात तेव्हा घरात कॉम्प्युटर म्हणजे बघायला माणसं येत. बाई आधी सगळ्यांना हात धुवायला लावत आणि मग लांबूनच दाखवत.

मराठी लिहायला त्यांना फॉन्ट हवा होता. तो मी क्लासमधून फ्लॉपीवर नेऊन त्यांच्या मशिनीत घातला. त्याच फ्लॉपीतून आणखी काय आत गेलं, ते मला दोन महिन्यांनी कळलं.

"बालाजी," बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या वाक्यांत कोणीतरी ढ घालतंय."

मी जाऊन पाहिलं. बाईंनी पडद्यावर वही आडवी धरली होती, एकच ओळ दिसेल अशी. ओळ होती : 'ही मुलगी ढ अतिशय ढ समजूतदार होती.'

"मी पुसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. माझी एकही मुलगी ढ नव्हती! कारण सांग."

"व्हायरस आहे, बाई. तो मधेमधे एक इंग्रजी अक्षर घालतो. आपल्या फॉन्टमध्ये ते ढ दिसतं."

"आला कुठून?"

"कुठूनही येतो."

"कुठूनही हे ठिकाण नाही."

माझी नजर टेबलावरच्या फ्लॉपीकडे गेली. बाईंची माझ्या नजरेमागोमाग. तीस वर्षं पोरींच्या कॉप्या पकडलेली बाई; मला फार बोलावं लागलं नाही.

"आणलास तू, तर काढशीलही तूच," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

काढायला गेलो आणि माझीच अक्कल निघाली. व्हायरस मारायची जी सीडी माझ्याकडे होती तिनं मोठ्या डौलात 'सापडला, काढला' असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ढ हजर. मी लिहायचा प्रोग्राम उपटून पुन्हा घातला. तिसऱ्या दिवशी ढ हजर, शिवाय आता एका ओळीत तीन. बाईंनी त्याचं नाव टवाळ ठेवलं होतं. व्हायरस हा शब्द त्या उच्चारत नसत. "आज टवाळानं कमलच्या पानावर धिंगाणा घातलाय," असा निरोप यायचा. सकाळी मशीन लावताना त्या पडद्याकडे बघून "मुकाट्यानं बस" असं म्हणताना मी स्वतः ऐकलंय.

आठवड्यानं मी हात टेकले. "बाई, फॉरमॅट मारू. सगळं स्वच्छ होईल."

"म्हणजे काय होईल?"

"आतलं सगळं पुसलं जाईल. मशीन कोरं."

बाई खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आत एकशे सदतीस आहेत."

"फाइली?"

"मुली."

मग हळूहळू कळलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या, पण दहावीपर्यंत न पोचलेल्या मुली. कोणी पाचवीत सुटली, कोणी आठवीत. प्रत्येकीचं एक पान. निवृत्त झाल्यापासून बाई ती पानं आठवून आठवून लिहीत होत्या.

"शाळेच्या दप्तरात नुसती नावं आहेत, पुढे 'गळती' असं लिहिलेलं. मुलगी म्हणजे काय नळ आहे?"

"पुन्हा लिहिता येतील की, बाई. मी बसतो मदतीला."

बाईंनी मान हलवली. "परवा मला माझ्या सख्ख्या मावशीचं नाव आठवेना. संध्याकाळपर्यंत बसून राहिले. या मुली मला एकदाच आठवल्यात बालाजी. दुसऱ्यांदा आठवणार नाहीत."

मी त्या दिवशी चहा न पिताच उठलो.

घोळ कुठे आहे ते पुण्याच्या एका मित्राला फोन करून समजलं. टवाळ प्रोग्रामच्या मूळ साच्यात जाऊन बसत होता. साचा पुसला की तो जाई. पण जुनी एक जरी फाइल उघडली की तिच्यातून निघून पुन्हा साच्यात. उपाय एकच. मशीनमध्ये एक साधा, बिनडोक लिहायचा प्रोग्राम असतो. त्याला अक्षरांपलीकडे काही कळत नाही, म्हणून टवाळाला तिथे जागा मिळत नाही. प्रत्येक फाइल त्यात उघडायची, नुसती अक्षरं उचलायची, नव्यानं जतन करायची आणि जुनी मारून टाकायची. एकशे सदतीस वेळा.

बाईंनी अट घातली. "उघडायचं, पण वाचायचं नाही."

"डोळे मिटून कसं करू?"

"परीक्षेला पर्यवेक्षक उभा असतो, तो पेपर वाचतो का?"

सुदैवानं त्या साध्या प्रोग्राममध्ये मराठीचं सगळं इंग्रजी कचऱ्यासारखं दिसे. पहिलंच पान तसं उघडलं तेव्हा बाईंनी माझा हात धरला. "मेली का रे ती?" मी फॉन्ट लावून अक्षरं परत आणून दाखवली, तेव्हा त्यांनी हात सोडला. मग आमची पद्धत ठरली. मी दुपारी क्लास बंद करून यायचं, वीस-पंचवीस पानं काढायची, शेवटी फॉन्ट लावून द्यायचा. राहिलेले ढ बाई स्वतः वेचून काढत, तांदळातले खडे काढावेत तसे. मधेच लाइट जायची. मग बाई धपाटे आणि दही पुढे ठेवत आणि लाइट येईपर्यंत माझं व्याकरण घेत.

चौथ्या दुपारी बाई आत धपाटी उलटत होत्या. फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. चौऱ्याऐंशी नंबरला मी फॉन्ट लावला आणि डोळ्यांनी अट मोडली.

'सुमन. सातवी ब. गणितात ढ वर्गात पहिली. तोंडी हिशेब माझ्याआधी करी आणि मी चुकले तर हसू लपवायला खाली वाके. आमच्याच गल्लीतली. शाळा सोडण्याचे कारण : आई रोजानं जाते, धाकट्या ढ भावाला सांभाळायला कोणी नाही. मी तीन वेळा घरी गेले. तिसऱ्या वेळी ती त्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. म्हणाली, बाई, हा माझ्याबिगर झोपत नाही.'

सुमन माझी आक्का. नांदूरघाटला दिलेली, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमच्या घरी तिच्या शाळेचा विषय निघाला की वडील एवढंच म्हणायचे, "सुमीचं मनच न्हवतं साळंत." मी ते खरं धरून चाललो होतो. आमच्या घरात शिकलेला मीच, डोकं असलेलाही मीच, असं.

बाई ताटली घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

"वाचलंस."

"बाई, तो भाऊ..."

"दीड वर्षाचा होतास," त्या म्हणाल्या. "दीड वर्षाच्या पोराला मी कधी शिक्षा केलेली नाही. खा. गार होतंय."

टवाळ त्यानंतर तीन दिवसांत पुरता गेला. एकशे सदतीसच्या एकशे सदतीस पानं सलामत. त्यांच्या दोन-दोन फ्लॉप्या करून एक संच मी बाईंच्या कपाटात ठेवला आणि एक माझ्याकडे. पण मला चैन पडेना. रविवारी मी नांदूरघाटला गेलो आणि आक्काला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. फोडतच राहिली.

"बाईनी लिवलंय? माज्यावर?"

"एक अख्खं पान."

"पहिली होते, ते बी?"

"ते पहिलंच वाक्य हाय."

बुधवारी आक्का एसटीनं केजला आली, लेकीला घेऊन. आल्या आल्या बाईंच्या पाया पडली आणि भिंतीला टेकून खाली बसायला लागली. बाईंनी तिला दंडाला धरून खुर्चीवर, मशीनसमोर बसवलं. चौऱ्याऐंशी नंबरचं पान मी लावलं. आक्का बोट धरून वाचत गेली. हसू लपवायच्या ओळीला ती खरंच खाली वाकली. शेवटच्या ओळींना मात्र तिचं बोट थांबलं.

"बाई, ह्यात एक चुकलंय."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या लिखाणात चूक काढणारं माणूस केज तालुक्यात मी तोवर पाहिलं नव्हतं.

"तीनदा न्हाई, तुमी चारदा आल्तात. चवथ्यांदा मी आतच होते. आईनं सांगितलं, आवाज करू नको. बाळूला उराशी धरून बसले. तुमी लई येळ कडी वाजवली."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "दाराच्या फटीतून तुझा हिरवा परकर दिसत होता."

"मग लिवलं का न्हाई?"

"तुला आठवत नसेल, असं वाटलं. आठवू नये, असंही वाटलं."

आक्कानं पदर डोळ्यांना लावला. बाईंनी कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

"पान तुझं आहे. तूच दुरुस्त कर."

आक्का घाबरली, मग एक बोट पुढे केलं. लेक शेजारून कळा दाखवायला लागली, तर बाईंनी तिला गप्प केलं, "शोधू दे तिला." आक्कानं आधी 'तीन' पुसलं. मग च शोधला. मग काना. मग र कुठेच सापडेना. बाहेर स्टँडवर नांदूरघाटची गाडी लागण्याची वेळ झाली होती. मी तसं म्हणालोही. बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी मनगटावरचं ते मोठं घड्याळ काढलं आणि कपाटावर पालथं ठेवलं.

"सापडेल," त्या आक्काला म्हणाल्या. "आपल्याला आता कुठे जायचंय?"