श्रावणजींची जाहीर कबुली

चारचौघांत नको तो आवाज झाला तर सभ्य माणसं काय करतात? खोकतात. खुर्ची सरकवतात. नाहीतर शेजारच्याकडे असं बघतात की त्या बिचाऱ्याला स्वतःचीच शंका यावी. आमच्या पांढुर्ण्याचे श्रावणजी यातलं काही करत नाहीत. ते उजवा हात वर करतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "आपलाच माल, मंडळी! माफी द्या."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उडालोच. सौसरला एका साखरपुड्यात बसलो होतो. भटजी मंत्र म्हणता म्हणता श्वास घ्यायला थांबले आणि नेमका तेवढ्यात तो आवाज झाला. सगळे एकमेकांची तोंडं बघताहेत तोवर श्रावणजींचा हात वर! "आपलाच माल, मंडळी. काल वांगे जरा जास्त झाले." भटजींना हसू आवरेना, नवरदेवाचा काका पाणी पिता पिता ठसकला, आणि श्रावणजी बसले आपले बायकोशेजारी शांत, पावती फाडून मोकळे झाल्यासारखे.

श्रावणजी संत्र्याचे व्यापारी. मंडीत ढिगापाशी उभं राहून 'हा आपला माल' म्हणण्यात जन्म गेला, तीच सवय इथं कामी आली असं लोक म्हणतात. शाळेतली पोरं त्यांना भोंगाजी म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि हा गृहस्थ 'ओ' द्यायचा!

आता त्यांच्या पत्नीबद्दल सांगतो, म्हणजे गावाला हळहळ कशाची होती ते कळेल. शालिनीबाई आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. मी गणित शिकवतो, आणि राहतो त्यांच्यापासून तिसऱ्या घरात. बाई म्हणजे कडक इस्त्रीची सुती साडी, ताठ मान, आणि अशी नजर की वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा पाय जमिनीवर घ्यायचा. अर्धा गाव त्यांच्या हाताखालून गेला. कार्यक्रमात श्रावणजींचा हात वर झाला की बाई पदर सावरून खाली बघायच्या. बायका एकमेकींना कोपर मारायच्या, "सोन्यासारखी बाई, अन् पाय कोणाच्या दारात पडला! कशी सहन करून राहिली असन, बाप्पा!"

मीही त्याच मताचा होतो, खोटं कशाला बोलू. बाईंबद्दल मला आदर आणि श्रावणजींबद्दल चीड. माणसाला आजार असू शकतो, पण त्याची दवंडी कशाला पिटायची?

बरं, यांची तयारीही जगावेगळी. लग्नात गेले की सगळे कूलर शोधतात, श्रावणजी बँडवाला शोधणार. दोन खुर्च्या उचलून थेट ढोलाच्या बाजूला. "काहून जी, एवढ्या गोंगाटात?" कोणी विचारलं तर म्हणायचे, "मले ढोल आवडते." कोणाच्या घरी गेले की चप्पल काढता काढता मोठ्यानं पहिला प्रश्न, "सोय कुठीसा आहे जी?" घरमालक लाजून बोट दाखवायचा. तिगावपासून मोहगावपर्यंत कोणाचा संडास अंगणात, कोणाचा जिन्याखाली, कोणाच्या कडीला खिळा नाही, सगळं तोंडपाठ. खिशात एक डबी असायची. ओवा, काळं मीठ, हिंग. चिमूटभर स्वतः घ्यायचे आणि मग डबी बाईंपुढे धरायचे, "घ्या मॅडम, तोंडाले चव येते."

पोट बिघडलेली माणसं त्यांच्याकडे गुपचूप सल्ला विचारायला यायची. हे त्यांना ओट्यावर बसवून समजवायचे, "लाजाचं काय त्यात? हवा होय, चोरी नाही केली आपण."

गंमत म्हणजे एकदा मंडीतल्या त्यांच्या जुन्या भागीदाराशी मी हा विषय काढला. तो म्हणाला, "श्रावणजी? नाही बा, आमी तर कधी ऐकलं नाही. दगड पचवते तो माणूस." मी मनात म्हटलं, मंडीत लिलावाचा गोंगाट केवढा, ऐकू येणार कसं. गणिताचा मास्तर मी! एवढी साधी बेरीज समोर होती आणि मला ती मांडता आली नाही.

या सगळ्याची किंमत श्रावणजींनी मोजली. भजन मंडळानं त्यांना हळूच बोलावणं बंद केलं. पंगतीत त्यांचं पान टोकाला, दाराजवळ. सख्ख्या पुतण्यासाठी मोहगावला मुलगी पाहायला जायचं होतं, तर घरच्यांनी निरोप पाठवला, "बाईंना पाठवा, तुम्ही राहू द्या." बाईंना त्याच दिवशी नेमका ताप आला आणि त्याही गेल्या नाहीत. बिचाऱ्या, नवऱ्याच्या अपमानानं आजारी पडल्या, असं आम्ही समजलो.

मग बाई निवृत्त व्हायची वेळ आली. निरोप समारंभाचा इंतजाम माझ्याकडे. असल्या कामात माझा हात कोणी धरणार नाही, हे मी नम्रपणे सांगतो. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गावात साहेब लोकांना तोटा नाही, त्यातले एक मोठे साहेब पाहुणे म्हणून यायला कबूल झाले. हॉल ठरला, सोफा ठरला, भाड्याचे दोन मोठे भोंगे ठरले. तेव्हा हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं.

"सर, रिवाजाप्रमाणे बाईंच्या बाजूला त्यांचे मिस्टर बसतील."

"बसतील ना."

"माइक समोर राहील, साहेब बाजूला राहतील. अन् तुमचे श्रावणजी हात वर करतील. बाईंच्या आयुष्याचा दिवस आहे हो! तुम्ही शेजारी आहात, तुम्हीच समजवा त्यांना."

गेलो. श्रावणजी ओट्यावर संत्र्याच्या पेट्या बांधत होते. बाई घरात नव्हत्या. मी घसा खाकरून, आडवळणानं, पण शेवटी सांगितलं. ऐकून त्यांच्या हातातली सुतळी थांबली.

"सर, मले स्टेजचा शौक नाही. पण मले तिच्या बाजूले राहू द्या."

"अहो, समजून घ्या. पहिल्या ओळीत बसवलं असतं, पण ती पाहुण्यांची आहे."

"मंग पडद्यामांगं उभा राहतो. कोणाले दिसन नाही."

"पडद्यामागे काय करणार तुम्ही?"

त्यांनी सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "बरं, ढोलताशावाला सांगा. सारा वेळ वाजवत राहू द्या."

"भाषण चालू असताना ढोल?"

"नाही तर मंग एक करा सर, हात जोडतो. त्या दिवशी तिले काही खाऊ-पिऊ घालू नका. चहासुद्धा नाही."

आता मात्र माझं डोकं सणकलं. ज्या बाईनं शाळेसाठी आयुष्य वेचलं, तिला निरोपाच्या दिवशी उपाशी ठेवा म्हणतो हा माणूस! मी ठणकावून सांगितलं, "श्रावणजी, तुमची खुर्ची शेवटच्या ओळीत, दाराजवळ. अन् बाईंच्या खाण्यापिण्याचं मी पाहून घेईन."

पाहून घेतलं ना! सकाळी गरम पोहे, वरून झणझणीत तर्री, चण्यांसकट. बाई म्हणाल्या, "नको सर, मी काही घेत नाही." मी ऐकतो का? स्वतः प्लेट हातात दिली. वर अजून एक पळी चणे वाढले. "बाई, आज तरी नाही म्हणू नका." आग्रहापुढे बाईंनी खाल्लं.

हॉल गच्च भरला होता. बाईंचे जुने विद्यार्थी, त्यांची बायकापोरं, कोणी नागपूरहून आलेलं. साहेब वेळेवर आले, हाही एक चमत्कारच. सूत्रसंचालन माझ्याकडे, हातात बिनतारी माइक. भोंगेवाल्यानं माझा आवाज भारदस्त यावा म्हणून घुमारा जरा जास्तच ठेवला होता. 'सन्माननीय' म्हटलं की हॉलभर 'नीय, नीय, नीय' व्हायचं. मला बरं वाटत होतं.

साहेबांनी शाल पांघरली. श्रीफळ पुढे केलं. ते घ्यायला बाई वाकल्या. मी फोटोत नीट यावं म्हणून त्यांच्या अगदी मागे सरकलो, माइकचा हात खाली सोडला, आणि माइक बंद करायला विसरलो.

आवाज झाला.

माइकमधून झाला. दोन्ही भोंग्यांतून झाला. आणि घुमाऱ्यामुळे एकदा होऊन थांबला नाही, तीनदा झाला.

हॉलमध्ये चिटपाखरू हलेना. साहेबांच्या हातात नारळ तसाच. बाईंनी मान वळवली, आणि त्यांचं तोंड मी दोन हातांवरून पाहिलं. सदतीस वर्षं ज्यांच्यासमोर ताठ मानेनं उभ्या राहिल्या, ती सगळी माणसं समोर बसलेली, आणि बाईंचा चेहरा वर्गात चुकलेल्या पोरीसारखा झाला होता. मला वाटलं, धरणीमाता मला पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात मागे, पार शेवटच्या ओळीत, खुर्ची पडल्याचा आवाज आला. श्रावणजी उभे. उजवा हात वर.

"आपलाच माल, मंडळी! माफी द्या!"

स्टेजपासून तिथपर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. भोंगे स्टेजवर. आवाज कुठून आला ते आंधळ्यालाही कळलं असतं. पण श्रावणजी हात वर करून उभे, छाती पुढे, आणि डोळे विनवून राहिलेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साखरपुडा, ढोल, डबी, मोहगावचा ताप, पडदा, चहा. सगळं एकदम कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

मग तिसऱ्या ओळीतली एक बाई उठली. भाजी विकते बाजारात, कधीकाळी शालिनीबाईंच्या हातची छडी खाल्लेली. ती मागे वळली आणि कमरेवर हात ठेवून कडाडली, "काय जी श्रावणजी! आजच्या दिवशी तरी पोट सांभाळाचं!"

झालं. तिच्यामागून सगळा हॉल मागे वळला. "काय भाऊ, हद्द केली तुम्ही!" "भोंगाजी, इतक्या मोठ्यानं!" "दार उघडा रे कोणी!" माणसं हसत होती, ओरडत होती, शिव्या घालत होती, आणि कोणी म्हणजे कोणीही स्टेजकडे तोंड करत नव्हतं. साहेबसुद्धा मान उंच करून मागेच बघत राहिले. सगळ्यांनी मिळून पाठ फिरवली होती. तेवढ्या वेळात बाईंनी शालीच्या टोकानं डोळे पुसून घेतले.

मग त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. आवाज वर्गातलाच, फक्त जरा ओला.

"सर, त्यांना इथं आणा. माझ्या बाजूला बसवा. मला एकटीला जमत नाही."

मी स्वतः खाली उतरलो. शेवटच्या ओळीतली ती पडलेली खुर्ची उचलली, डोक्यावर धरली आणि श्रावणजींना पुढे घालून हॉलच्या मधून चालत आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनीही वाजवल्या, आणि चष्मा पुसला.

त्या दिवसानंतर गावात या गोष्टीवर कोणी अवाक्षर काढलं नाही. मी हे लिहू का, म्हणून बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "लिहा. नावं मात्र बदला." तशी बदलली आहेत. शोधत बसू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला त्यांच्या ओट्यावर गेलो. श्रावणजींनी माझ्या हातात एक सोललेलं संत्रं ठेवलं.

"कधीपासून हो हे?" मी विचारलं.

"लगन झाल्याच्या चवथ्या दिवशीपासून. घरी सत्यनारायण होता. आमी दोघं पूजेले बसलो होतो, आजूबाजूले सारं खानदान. झाला आवाज. मी तिच्याकडं पाहलं तं डोळे टच्च भरलेले, नवी नवरी, बावीस वर्षांची पोरगी. मी हात वर करून टाकला. बापानं तिथंच माह्या पाठीत धपाटा घातला."

"मग तुम्ही दोघं याबद्दल कधी..."

"कधीच नाही. ती बोलली नाही, मी बोललो नाही. बोललो असतो तं तिले वाटलं असतं, हा माणूस आपल्यावर उपकार करून राहिला. डॉक्टर झाले, वैद्य झाले, पण सारं औषध मी माह्याच नावानं लिहून आणत होतो."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. श्रावणजींनी आवाज खाली घेतला.

"काल घरी आलो. तिनं शाल घडी करून ठेवली अन् मले म्हणते, 'अहो, एवढ्या लांबून? लोकांना पटेल असं तरी सांगायचं!' मंग सर, आमी दोघं जे हसलो म्हणता! चाळीस वर्षांत पयल्यांदा त्या गोष्टीवर दोघं मिळून हसलो. हसता हसता ती गप्प झाली. म्हणते, 'इतकी वर्षं माझ्यासाठी हात वर करत राहिलात. थकला नाहीत का हो?'"

"मग? काय म्हणालात तुम्ही?"

"मी म्हटलं, नाही. तू बाजूले बसली राहतं, मंग कायचं थकणं? फक्त आज थकलो. तिकडं दाराजवळ बसून."

ते हे माझ्याकडे न बघता बोलले. मी हातातलं संत्रं मधोमध फोडलं आणि अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं.