टँक वाचवा

सकाळी सात वाजता विनोदिनीताई टँकवरून बाहेर पडल्या. ओल्या केसांचा अंबाडा बांधता बांधता त्यांची नजर फाटकावर गेली आणि ओठांवर आलेलं ‘अगंबाई!’ त्यांनी आवंढ्याबरोबर गिळून टाकलं. देवपूजा होईपर्यंत बोलायचं नाही, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. नेम मोडावा असं संकट समोर चिकटलं होतं, पण नेम म्हणजे नेम.

फाटकावर पालिकेची नोटीस होती. जुना जलतरण तलाव पाडून त्या जागी व्यापारी संकुल बांधायचं, बायपासला नवं जलक्रीडा केंद्र उभारायचं, आणि कुणाची काही हरकत असेल तर उद्या सकाळी अकराला पालिकेच्या सभागृहात येऊन सांगायची.

“काकू, बायपास!” शेजारी उभी राहिलेली मयूरी किंचाळली. ती बँकेत नोकरीला होती आणि सकाळी सहाच्या, बायकांच्या बॅचमधला सगळा आवाज तिच्याकडेच होता. “सहा किलोमीटर! पहाटे रिक्षावाला नेईल का तिकडं? आणि तिकडं घसरगुंड्या असणार म्हणे, रंगीत! आपण काय घसरगुंडीवरून यायचं?”

ताईंनी नुसती मान हलवली. पण आतून त्या हलल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी असा काही संप पुकारला होता की देवापुढे खुर्ची टाकून बसायची वेळ आली. देव खाली, आपण वर. ताईंना ते सोसेना. डॉक्टरांनी पाण्यात उतरा म्हटलं. एकोणसाठाव्या वर्षी त्या उतरल्या, शिकल्या, आणि सहा महिन्यांत देवघरात पुन्हा मांडी घालून बसू लागल्या. टँक गेला की मांडी गेली, इतका साधा हिशोब होता.

बोलायचं नव्हतं, पण लिहायला बंदी नव्हती. तिथंच फाटकाला टेकून त्यांनी फोनवर मजकूर लिहिला:

‘आपला जुना टँक मोडीत काढायचा घाट घातला जात आहे. पन्नास वर्षं त्यानं इमानानं सेवा केली. म्हातारा झाला म्हणून त्याला असं वाऱ्यावर सोडायचं का? ज्यांनी त्याच्या जिवावर हिंमत कमावली, त्यांनी उद्या सकाळी अकराला पालिकेत हजर व्हावं. टँक वाचवा!’

“वैनी, झ्याक लिवलंय!” टँकचा रखवालदार ज्ञानू खांद्यावरून वाचत होता. किल्ल्या, क्लोरीन आणि शिट्टी ही तिन्ही खाती त्याच्याकडे होती. “मला धाडा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. दोनशे मानसं हायत.”

ज्ञानूची सोसायटी म्हणजे माजी सैनिकांची. माण तालुक्यातली, म्हसवडकडची मंडळी फौजेतून निवृत्त होऊन तिथं घरं बांधून राहिली होती. ताईंनी आनंदानं मजकूर पाठवला. अख्ख्या शहरात टँक म्हटलं की एकच टँक. पोहायचा की कसला, हे लिहायची गरज कुणाला वाटणार?

संध्याकाळी फोन वाजला.

“जय हिंद! सुभेदार लालासाहेब बोलतोय, सैनिक सोसायटीतनं. टँकचं तुमीच लिवलंय न्हवं, ताई?”

“हो, मीच.”

“कवाचा हाय म्हनायचा त्यो?”

“एकाहत्तरचा.”

पलीकडे खोल श्वास घेतल्याचं ऐकू आलं. “एकाहत्तरचा! मग झालंच की! आमी त्याच साली होतो पुढं. उभा कुटं हाय सध्या?”

“उभा कसला, आडवा पसरलाय. बागेच्या मागं.”

“इतकी वर्सं दिसला न्हाई कसा?”

“भोवती उंच भिंत आहे ना. सकाळी बायका असतात, म्हणून.”

“बायका? बायकाबी चढत्यात त्याच्यावर?”

“उतरतात. सहाला.”

“शाब्बास!” सुभेदारांचा आवाज भरून आला. “ताई, तुमी काळजी करू नगा. उद्या आमी मैदानात!”

फोन ठेवून ताई यजमानांना म्हणाल्या, “अहो, गृहस्थ फार चांगले आहेत. टँकचं ऐकून रडवेलेच झाले. थोडं कमी ऐकू येतं, एवढंच.”

“टँकसाठी रडणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला,” अनंतराव वर्तमानपत्रामागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बॅचच्या बावीसपैकी चारच बायका आल्या. ताईंचं अवसान गळालं. आणि एवढ्यात बाहेर गाड्यांचे ब्रेक लागले, ‘भारत माता की जय!’ झालं, खिडक्यांची तावदानं थरथरली, आणि चाळीस माणसं दोन रांगा करून आत आली. डोक्यावर टोप्या, छातीवर पदकं, मिशांना पीळ. मागून एका स्थानिक वाहिनीचा कॅमेरावाला धावत होता.

“काकू!” मयूरीनं ताईंचा दंड धरला. “हे सगळे आपल्या बाजूनं?”

“देवाची कृपा गं,” ताईंचे डोळे पाणावले.

व्यासपीठावर मुख्याधिकारी होते. नाव वीरधवल, वय बत्तीस, नेमणूक नवीन. पदकं पाहून ते खुर्चीतून अर्धे उठले आणि मग पुन्हा बसावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

“बसा, साब,” सुभेदार लालासाहेब म्हणाले, तेव्हा ते बसले. “कागद नंतर वाचा. आदी माझं आयका. ह्यो टँक एकाहत्तरचा, खरं का खोटं?”

“खरं आहे.”

“मग मोडीत काढायचं कारन काय?”

“गळती आहे हो. रोज हजारो लिटर वाया जातंय.”

रांगांमध्ये खळबळ उडाली. “हजारो लिटर? डिझेल?”

“डिझेल कुठलं! पाणी.”

“पानी?” सुभेदार गरजले. “पानी कुनी भरलं त्यात?”

“आम्हीच भरतो. पालिका.”

“ऐका!” सुभेदार मागे वळले. “हे पानी भरत्यात! मग टँक बिघडनार न्हाई तर काय हुईल? आन् नळी? नळी तरी शाबूत हाय का?”

मुख्याधिकाऱ्यांना वाटलं, म्हातारबुवा शॉवरचं विचारतायत. “दोन्ही नळ्या गंजल्यात. एक पुरुषांकडची, एक बायकांकडची.”

“दोन नळ्यांचा टँक?” मागून कुणीतरी पुटपुटलं. “परदेशी मेक असंल.”

“त्याशिवाय गर्दी,” मुख्याधिकाऱ्यांना आता मुद्दे सुचू लागले. “उन्हाळ्यात एका वेळी साठ साठ जण उतरतात.”

“साठ?” सुभेदारांनी जवळच्या खुर्चीचा आधार घेतला. “आवं, आमच्या टँकात चार मानसं बसली तर दम कोंडायचा!”

ताईंच्या डोक्यात लख्ख वीज चमकली. त्यांनी सुभेदारांच्या छातीकडे नीट पाहिलं. तिथं एक इवलासा पितळी बिल्ला होता, आणि बिल्ल्यावर रणगाडा!

मयूरी कानाशी कुजबुजली, “काकू, तो बघा, पदकांना आणि कॅमेऱ्याला घाबरला! पेन उचलला! लिहितोय. ‘जुना टँक कायम ठेवावा.’ जिंकलो आपण! गप्प बसा हं!”

गप्प बसणं ताईंना काही नवीन नव्हतं. पण पूजा केव्हाच झाली होती आणि मौनाची वेळ संपली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, आज ती संपायला नको होती. एकीकडे टँक, मांडी, देवघर. दुसरीकडे ही भोळी माणसं, भर सभेत कॅमेऱ्यासमोर हसं व्हायला आणलेली, आणि तीही आपल्या एका शब्दापायी. त्यांनी पदर खांद्यावर ओढला आणि उभ्या राहिल्या.

“सुभेदारसाहेब, चूक माझी झाली. हा रणगाडा नाही. पोहायचा टँक आहे.”

रांगांमधल्या टोप्या एकमेकींकडे वळल्या.

“म्हंजे… हौद?” मागच्या रांगेतून आवाज आला.

“हौदच. फरशी बसवलेला.”

मयूरीनं कपाळावर हात मारला. मुख्याधिकाऱ्यांनी लिहिलेल्या ओळीवर काट मारायला पेन टेकवला. कॅमेरावाला सुभेदारांच्या तोंडाजवळ कॅमेरा घेऊन गेला. सुभेदारांच्या मिशा दोनदा वर गेल्या, दोनदा खाली आल्या. त्यांनी आपल्या चाळीस माणसांकडे पाहिलं, चाळीस माणसांनी त्यांच्याकडे.

“साब, पेन थांबवा,” ते म्हणाले. “मोर्चा राखायला आल्याली फौज, मोर्चा कसला हाय ते बघून माघारी जात न्हाई. आमची मागनी तीच. टँक हलायचा न्हाई!”

“पण साहेब, पोहायच्या टँकशी तुमचा संबंध काय?”

“संबंध? आमी पवायला येनार!”

“कोण कोण?”

“फौज! हात वर!”

चाळीस हात वर गेले. काही खाडकन गेले, काही जरा विचार करत गेले, पण गेले सगळे. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कॅमेरावाल्यानं कॅमेरा गरकन मुख्याधिकाऱ्यांकडे वळवला, आणि मुख्याधिकारी वीरधवल यांना एकदम सुचलं की जुना टँक दुरुस्त करणं हे मुळात आपल्याच मनात होतं. तसं त्यांनी जाहीर करून टाकलं. सुभेदारांनी ताईंकडे बघून हात जोडले, ताईंनी वाकून नमस्कार केला, आणि मयूरीनं पेढे आणायला स्कूटी सोडली.

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी फाटकावर नवी नोटीस लागली. ‘माजी सैनिकांच्या भावनांचा आदर करून सकाळी सहा ते सात ही वेळ त्यांच्यासाठी राखीव. महिला: दुपारी दोन ते तीन.’

भर एप्रिल होता. दुपारी दोनला टँकच्या काठावर पाय ठेवला तर पापड भाजून निघेल. मयूरी तेव्हा बँकेत, बाकीच्यांची पोरं शाळेतून यायची वेळ.

“जा ना काकू, भांडा त्या सुभेदारांशी!” मयूरी फोनवर तडतडली.

“कशी भांडू? ज्यांनी टँक वाचवला त्यांच्याशीच?”

“टँक वाचला आणि तू बुडालीस,” अनंतरावांनी निकाल देऊन टाकला. ताई देवघरात गेल्या. चार दिवसांत गुडघे पुन्हा बोलू लागले होते. पाचव्या दिवशी त्यांनी भिंतीला धरून जेमतेम मांडी घातली, आणि पूजा आटोपून उठतात तोच दारात सुभेदार लालासाहेब उभे. आज पदकं नव्हती, मिशाही जरा उतरलेल्या.

“ताई, जरा खाजगी काम हुतं.”

“या ना, बसा. पाणी आणते.”

“पानीच नगं,” ते घाईनं म्हणाले. “पान्याचंच तर झालंय. चार दिस चाळीस जन काठावर बसतोय आमी. पाय सोडून.”

“आणि पोहत का नाही?”

सुभेदारांनी मागे दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “आमी माणातली मानसं. ल्हानपनी विहिरीत वाकून बघायचो ते पानी कुटं गेलं म्हनून. पवायला शिकनार कुटं? आन् फौजेत बावीस वर्सं राजस्थानात काढली. वाळूत टँक चालतो, मानूस पवत न्हाई.”

“अहो, मग त्या दिवशी हात कशाला वर केलात?”

“मी केला म्हनून त्यांनी केला. त्यांनी केला म्हनून मला खाली घेता ईना.” त्यांनी कपाळ पुसलं. “त्यो ज्ञानू शिट्टी तोंडात धरून हसतोय. भाईर फुटलं तर मिशी काढायची येळ. तुमी शिकवा, ताई. तुमी मोठेपनी शिकलाय, तुमास्नी म्हाताऱ्या हाडांची अडचन कळंल.”

ताईंनी एकदा देवघराकडे पाहिलं. मग हळू, देवाला फूल वाहावं तशा आवाजात म्हणाल्या, “शिकवीन. चाळीसच्या चाळीस जणांना शिकवीन. पण माझी बॅच दुपारी दोनला असते.”

“दोनला? ह्या उनात?”

“पालिकेनंच दिलीय ती वेळ. तुम्हाला सकाळचीच हवी असेल तर माझा नाइलाज आहे. आणि तुम्ही दुपारी आलात तर सहाची वेळ रिकामीच राहील, नाही का? ती पुन्हा बायकांना, तेवढं मुख्याधिकाऱ्यांकडून लिहून आणा. राजस्थानात बावीस वर्षं काढलेल्यांना सातारा-सांगलीकडचं ऊन ते काय!”

सुभेदारांनी एकदा त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग ताडकन उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

“जी, उस्ताद! सांजच्या आत ऑर्डर हातात देतो.”

दोन पायऱ्या उतरून गेले, आणि पुन्हा वर आले.

“ताई… पैल्या दिवशी उथळ बाजूनंच उतरायचं न्हवं?”