खडूनं केलेला खून

शिंपीणबाईंनी दातांनी दोरा तोडला आणि फोनवर ननंदेला सांगून टाकलं, "तुझा भाऊ आता कसा बोलत नाही तेच बघते. मी गोष्ट लिहिणार आहे."

"लिहा वहिनी. पण दादा वाचेल का?"

"चार लोकांनी वाहवा केली, की झक मारत वाचेल."

दुकानात शिंपीबुवा कापायचे आणि बाई काज-बटणं करायच्या. संसाराला सव्वीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात बुवांच्या तोंडून निघालेले शब्द एका शर्टाच्या खिशात मावले असते. बाईंना एवढंच जाणून घ्यायचं होतं की, लग्नाआधी त्या याच दुकानात कोट शिवून घ्यायला आल्या होत्या, आणि या माणसानं त्यांच्या खांद्यावर खडूनं खूण केली होती, ते त्याला आठवतं का. कोट कधीच विरला, खडू तर तेव्हाच झटकला गेला. बाईंच्या मनावरून मात्र ती खूण काही जाईना. तोंडानं विचारायची लाज वाटे. म्हणून गोष्ट.

ननंदेनं मोबाइलवर हौशी लेखकांचा एक कट्टा दाखवला. टोपणनाव ठरलं ‘नाजूक टाका’. इंग्रजी अक्षरं दाबली की मोबाइल त्यांचं आपणहून मराठी करायचा. बाई ‘खूण’ म्हणून दाबत, मोबाइल त्याला बरं वाटेल ते लिही. वाचायचा चष्मा घरात एकच, तोही दिवसभर बुवांच्या नाकावर. तेव्हा ‘ण’ उमटला की ‘न’, बघणार कोण?

गोष्ट प्रेमकथांत चढली. ‘हिरव्या पडद्याआड, कोपरा उडालेल्या आरशासमोर ती उभी होती. ओठांत टाचण्या धरून त्यानं तिच्या उजव्या खांद्यावर हलकेच खून केली. त्याचा हात जरासुद्धा थरथरला नाही.’

पहिला अभिप्राय ‘शुद्धलेखनकाका’ नावाच्या गृहस्थांचा. ‘शैली गोड. मात्र खून पुल्लिंगी आहे. केली नव्हे, केला.’

बाईंनी मोबाइल हातभर लांब धरून, डोळे बारीक करून तो वाचला. एवढे शिकलेले काका म्हणतात, तर छापील मराठीत खूण पुल्लिंगीच असणार. त्यांनी सत्तावीस ठिकाणी ‘केली’चं ‘केला’ केलं.

मग वाचक मुंग्यांसारखे लोटले. कट्टेवाल्यांनी गोष्ट उचलून थरारकथांत नेऊन ठेवली. बाईंना वाटलं, प्रेमाचा थरार तो हाच.

‘हत्यार म्हणून खडू? मानलं तुम्हाला,’ कुणीतरी लिहिलं.

‘कात्री नंतर लागते,’ बाईंनी कळवलं.

‘माणूस खरा आहे का?’

‘माझे यजमान आहेत. आजही रोज पाच-सहा तरी करतात. कधी दुकानात या, तुम्हालाही प्रेमानं करून देतील.’

त्या दिवशी वाचक दोन हजारांवर गेले. बाईंनी ठरवलं, दुपारच्या चहाबरोबर मोबाइल बुवांपुढे ठेवायचा.

पण चहाआधी वाचनालयातल्या बाई आल्या. त्यांच्या नव्या कोटाची एकच बाही जोडून झाली होती. बुवांनी त्यांना आरशासमोर उभं केलं. वाचनालयातल्या बाईंनी आरशाचा उडालेला कोपरा पाहिला. मग हिरवा पडदा पाहिला. मग बुवांच्या ओठांतल्या टाचण्या. त्यांचा चेहरा अस्तराच्या कापडासारखा पांढरा पडला.

बुवांनी खडू उचलला. ओठांत टाचण्या असल्या की ‘ण’ कुणाच्याच तोंडून नीट निघत नाही.

"हलू नका," ते म्हणाले. "खून करतो."

वाचनालयात आयुष्यभर ‘शांतता राखा’ म्हणणाऱ्या त्या बाई अशा किंचाळल्या, की समोरचा सायकलवाला पंप टाकून धावला. एका बाहीचा कोट आणि गळ्यात टेप अशा त्या रस्त्यावर पोचल्या आणि तिथून शिंपीणबाईंना ओरडल्या, "काकू, पळा! हाच तो नाजूक टाक्याचा नवरा!"

बुवांनी एकेक करून टाचण्या काढल्या. "काय लिहिलंयस?"

बाईंनी त्यांच्या नाकावरचा चष्मा उचलून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि तीन ओळी वाचल्या. "अगं बाई," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

बुवांनी चष्मा परत घेतला, मोबाइलही घेतला आणि कापायच्या टेबलाला टेकून पहिल्यापासून वाचायला लागले. बाईंना चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा नीट दिसेना. पडद्याच्या कडेचा सुटलेला दोरा त्या बोटाला गुंडाळत राहिल्या.

"डावा," बुवा म्हणाले.

"काय?"

"खूण डाव्या खांद्यावर केली होती. तू उजव्या लिहिलंयस. डाव्या बाजूला कोट ओढत होता." मग खडू झटकत म्हणाले, "आकाशी कोट."

सव्वीस वर्षांत बुवा एका दमात इतकं बोलल्याचं बाईंना आठवत नव्हतं. चष्मा मागून घेऊन त्यांनी ताबडतोब सत्तावीस ‘न’चे ‘ण’ केले आणि खांदाही बदलला.

चहा होईपर्यंत दोन हजार वाचकांतले तिघं उरले. ननंद, सायकलवाला आणि शुद्धलेखनकाका.

काकांनी लिहिलं होतं, ‘शैली गोड. मात्र खूण स्त्रीलिंगी आहे. केला नव्हे, केली.’